संगणकाच्या पेटींतील कारभार

संगणकासारख्या विषयावर बोलावयास मी या ध्वनिक्षेपकासमोर बसलों आहें, याचें माझ्या परिचितांस नवल वाटल्यावांचून राहणार नाहीं. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. अडतीस वर्षें प्राथमिक शाळेंत मुलांना पाढे, उजळणी आणि शुद्धलेखन शिकविलें व २०१५ सालीं सेवानिवृत्त झालों. मी शास्त्रज्ञ नव्हें कीं अभियंता नव्हें. परंतु एका नुकसानीनें मला या यंत्राच्या पोटांत डोकावून पाहण्यास भाग पाडलें. आणि तेथें जें पाहिलें तें इतकें सरळ व इतकें शिकण्यासारखें निघालें कीं, तें चारचौघांस सांगितल्यावांचून माझ्यांतील मास्तर मला स्वस्थ बसूं देईना.

घडलें तें असें. २०१८ सालीं आमच्या गांवच्या शाळेला पंच्याहत्तर वर्षें पूर्ण झालीं. त्या निमित्त निघावयाच्या स्मरणिकेंत शाळेच्या सर्व विद्यार्थ्यांची यादी द्यावी असें ठरलें, आणि जनरल रजिस्टरांवरून ती उतरून काढण्याचें काम मीं हौसेनें अंगावर घेतलें. गांवच्या वाचनालयांत एक संगणक होता. एकेका बोटानें कळा दाबीत मी सकाळीं नऊ वाजतां कामास बसलों. सायंकाळपर्यंत ४१२ नांवें झालीं. त्यांतील कित्येक माझ्याच हाताखालून गेलेल्या मुलांचीं होतीं, कित्येक त्यांच्या आजोबांचीं होतीं. रजिस्टरांचीं जुनीं पानें तर हात लावतांच तुटत होतीं. पावणेसहाच्या सुमारास वीज गेली. पांच मिनिटांनीं ती परत आली, संगणक पुन्हां सुरू झाला, पडदाही पूर्ववत् उजळला. पण ४१२ नांवांपैकीं एकही नांव त्यांत उरलें नव्हतें.

मला अनावर संताप आला. हें यंत्र विश्वासघातकी आहे, उद्यांपासून मी आपला पेन आणि कागद घेऊन बसेन, असें ग्रंथपालांना सुनावून मी घरीं आलों. पुढच्या रविवारीं माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. तालुक्याच्या गांवीं त्याचें संगणकदुरुस्तीचें लहानसें दुकान आहे. माझी तक्रार त्यानें शांतपणें ऐकून घेतली आणि तो म्हणाला, "गुरुजी, यंत्रानें दगा दिला नाहीं. तुम्हीं लिहिलेलें सगळें पाटीवर होतें. तें वहींत उतरून घे, असें तुम्हीं त्याला दिवसभरांत एकदांही सांगितलें नाहीं. वीज गेली, पाटी पुसली गेली."

"मग पाटी कोणती आणि वही कोणती, तें मला दाखव पाहूं," मी म्हणालों.

आम्ही वाचनालयांत गेलों. त्यानें प्रथम विजेची पिन भिंतींतून काढली, मग चार स्क्रू सोडवून पेटीची एक बाजू सरकविली. आंत जें दृष्टीस पडलें तें माझ्या कल्पनेपेक्षां फारच साधें होतें. मागच्या कोपऱ्यांत पत्र्याचा एक डबा. त्यांतून रंगीबेरंगी तारांचा जुडगा निघालेला. उभ्या बाजूला लागून हिरव्या रंगाचा एक मोठा फलक. त्याच्या मध्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पाकळ्या आणि त्यांवर एक पंखा. पंख्याशेजारीं खोबणींत उभी खोवलेली दोन बोटें रुंदीची एक पट्टी. खालच्या बाजूस लहान पुस्तकाएवढी एक चपटी धातूची डबी. आणि सर्वांवर धुळीचा थर. एवढाच काय तो संसार!

विद्यार्थ्यानें एकेकाची ओळख करून दिली. पत्र्याचा डबा हा विजेचा कोठावळा. भिंतींतून येणारी २३० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज तो घेतो, आणि तिचा १२, ५ व ३.३ व्होल्टचा एकाच दिशेनें वाहणारा सौम्य प्रवाह करून प्रत्येकाला त्याच्या पथ्याप्रमाणें वाढतो. हिरवा फलक म्हणजे मदरबोर्ड. बाकीच्या सर्वांना जोडणाऱ्या तांब्याच्या बारीक वाटा त्याच्या अंगांत कोरलेल्या असतात. पंख्याखालीं झांकलेला चौकोनी तुकडा म्हणजे प्रोसेसर. तो काम करतांना इतका तापतो कीं, त्याच्या पाठीवरची उष्णता त्या पाकळ्यांनीं आणि पंख्यानें सतत काढून घ्यावी लागते. खोबणींतील पट्टी म्हणजे रॅम. चपटी डबी म्हणजे हार्ड डिस्क. पट्टीवर बोट ठेवून तो म्हणाला, "ही तुमची पाटी," आणि डबीवर बोट ठेवून, "ही वही."

श्रोतेहो, नभोवाणीवर चित्र दाखवितां येत नाहीं. म्हणून आपण डोळे मिटून एका शाळेची कचेरी मनासमोर आणावी. मेजापाशीं एक कारकून बसला आहे. मेजावर एक पाटी आहे. भिंतीशीं दप्तराचें कपाट आहे व त्यांत वह्या आहेत. एक शिपाई या ठिकाणचा कागद त्या ठिकाणीं पोंचवितो. एका खिडकींतून लोक अर्ज देतात, दुसऱ्या खिडकींतून त्यांना उत्तर मिळतें. कारकून हा प्रोसेसर, पाटी ही रॅम, कपाटांतील वह्या म्हणजे हार्ड डिस्क, शिपाई म्हणजे मदरबोर्डवरील वाटा. कीबोर्ड आणि माऊस ही आवकेची खिडकी. पडदा आणि प्रिंटर ही जावकेची. आपल्या खिशांतील मोबाईलमध्यें हींच सर्व मंडळी दाटीवाटीनें बसलेली असतात.

ही कामाची वांटणी आजची नव्हे. इंग्लंडमधील चार्ल्स बॅबेज या गणितज्ञानें १८३० नंतरच्या दशकांत पितळी चाकांच्या एका गणनयंत्राची योजना आंखली होती. त्याचे दोन प्रमुख भाग त्यानें कल्पिले, आणि त्यांना नांवें दिलीं 'मिल' व 'स्टोअर'. म्हणजे आपल्या भाषेंत गिरणी आणि कोठार. धान्य कोठारांत राहावें, दळण गिरणींत व्हावें, आणि पीठ पुन्हां कोठारांत जावें. तें यंत्र त्याच्या हयातींत पूर्ण झालें नाहीं. पण गिरणी निराळी आणि कोठार निराळें ही त्याची वांटणी आजच्या संगणकांतही कायम आहे.

आतां या कचेरींतील कारकुनाचा स्वभाव पाहूं. लोक प्रोसेसरला संगणकाचा मेंदू म्हणतात. मला ती उपमा पटत नाहीं. मेंदूला समजतें आणि आठवतें. या कारकुनाला समजत कांहींच नाहीं, आणि मुठींत मावतील इतक्या थोड्या अंकांपलीकडे त्याच्या लक्षांतही कांहीं राहत नाहीं. त्याला येतें तें एवढेंच: पाटीवरचा अंक उचलून आणणें, दोन अंकांची बेरीज-वजाबाकी करणें, दोहोंपैकीं मोठा कोणता तें पाहणें, उत्तर पाटीवर ठेवणें, आणि त्या उत्तरावरून पुढची आज्ञा कोणत्या ओळींतून घ्यावयाची तें ठरविणें. दुसरी-तिसरींतल्या मुलाला झेपेल असा हा अभ्यासक्रम आहे. परंतु हा कारकून कधीं कंटाळत नाहीं, आणि त्याचा वेग कल्पनेपलीकडचा आहे. त्याच्या कामाला घंटेचा ताल असतो. मदरबोर्डवर बसविलेल्या क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवरून हा ताल ठरतो, आणि आजच्या सामान्य संगणकांत एका सेकंदाला सुमारें ३०० कोटी ठोके पडतात. प्रत्येक आज्ञेसाठीं कारकून तीन पावलें टाकतो. आज्ञा आणतो, तिचा अर्थ लावतो, तिचा अंमल करतो. आणि मग पुढच्या आज्ञेकडे वळतो. आपण जें जें संगणकाचें कर्तृत्व म्हणतों, तें सारें या तीन पावलांच्या फेऱ्यांतून निर्माण झालेलें असतें.

त्याची बेरीज कशी चालते, हें मास्तर या नात्यानें मला सर्वांत गोड वाटलें. आपल्याला दहा बोटें; म्हणून आपण दहा अंक वापरतों. विजेच्या कळीला दोनच अवस्था ठाऊक: प्रवाह आहे किंवा नाहीं. म्हणून यंत्राला शून्य आणि एक हे दोनच अंक. आपलीं एकं, दहं, शतं हीं स्थानें दसपटीनें वाढतात. येथें स्थानें दुपटीनें वाढतात: एक, दोन, चार, आठ. सात म्हणजे चार, दोन आणि एक. तो लिहावयाचा ०१११. पांच म्हणजे चार आणि एक. तो लिहावयाचा ०१०१. आतां त्यांची बेरीज करूं. एकाच्या घरांत एक आणि एक दोन. शून्य लिहिलें, हातचा एक. दोनाच्या घरांत एक, शून्य आणि हातचा एक. पुन्हां शून्य लिहिलें, हातचा एक. चाराच्या घरांत एक, एक आणि हातचा एक, असे तीन. एक लिहिला, हातचा एक. आठाच्या घरांत केवळ तो हातचा. उत्तर आलें ११००, म्हणजे आठ आणि चार, म्हणजे बारा. अडतीस वर्षें मीं फळ्यावर जो हातचा शिकविला, तोच या पेटींत कोट्यवधि वेळां घेतला जात होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता!

हा हातचा घेणाऱ्या सूक्ष्म कळांना ट्रान्झिस्टर म्हणतात. कांहीं कळा अशा जोडलेल्या असतात कीं, दोन्हीकडून वीज आली तरच ती पुढें जावी. या जोडणीनें हातचा निघतो. कांहीं अशा जोडलेल्या असतात कीं, एकीकडूनच आली तर पुढें जावी, दोन्हीकडून आली तर अडावी; या जोडणीनें त्या घरांत लिहावयाचा अंक निघतो. अशा अब्जावधि कळा नखाएवढ्या तुकड्यांवर कोरलेल्या असतात. त्यांतील एकाही कळीला बेरीज येत नाहीं. बेरीज येते ती त्यांच्या मांडणीला.

येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. पाटीवर केवळ अंकच नसतात. कारकुनानें काय करावयाचें त्या आज्ञाही त्याच पाटीवर, त्याच शून्य-एकांच्या लिपींत लिहिलेल्या असतात. १९४० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत एनिॲक नांवाचें प्रचंड यंत्र तयार झालें. त्याच्या आज्ञा तारांच्या जोडणींत असत; नवें गणित घालावयाचें म्हणजे तारा उपसून पुन्हां जोडाव्या लागत, व त्यांत दिवसच्या दिवस जात. जॉन फॉन नॉयमन यांनीं १९४५ सालच्या एका अहवालांत, आज्ञाही अंकांप्रमाणेंच यंत्राच्या स्मृतींत ठेवाव्या, हा विचार मांडला. २१ जून १९४८ रोजीं इंग्लंडमध्यें मँचेस्टर येथील एका लहान यंत्रानें स्मृतींत ठेवलेल्या १७ आज्ञांप्रमाणें पहिलें गणित करून दाखविलें. आज तोच संगणक सकाळीं हिशेब करतो, दुपारीं पत्र लिहितो आणि रात्रीं गाणें ऐकवितो. पेटींतील एकही तार त्यासाठीं हलवावी लागत नाहीं. पाटीवरच्या आज्ञा बदलल्या कीं झालें.

आतां माझ्या दुखण्याच्या जागीं येतों. पाटी पुसली कां गेली? रॅमच्या पट्टींत अब्जावधि सूक्ष्म घरें असतात. प्रत्येक घर म्हणजे विजेचें एक इवलेंसें भांडें. भरलेलें असेल तर एक, रिकामें असेल तर शून्य. पण हीं भांडीं गळकीं आहेत. म्हणून प्रत्येक घर वाचून पुन्हां भरून ठेवण्याचें काम यंत्राला अहोरात्र करावें लागतें. सामान्यतः ६४ सहस्रांश सेकंदांत प्रत्येक घराची पाळी एकदां येऊन जाते. वीज गेली कीं भरणारा थांबतो आणि भांडीं गळून रिकामीं होतात. माझीं ४१२ नांवें अशीं गळून गेलीं. त्यांत कोणाचा दुष्टावा नव्हता.

हार्ड डिस्कची तऱ्हा निराळी. तिच्यांत ॲल्युमिनियमच्या किंवा कांचेच्या गुळगुळीत तबकड्या असतात, त्यांवर चुंबकीय द्रव्याचा अतिशय पातळ थर असतो, आणि त्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे अशा वेगानें फिरतात. तबकडीला न टेकतां तिच्यावर केसाच्या जाडीहूनही कमी अंतरानें तरंगणारें एक टोंक थरावरील सूक्ष्म ठिपक्यांना या किंवा त्या दिशेचें चुंबकत्व देतें. लोखंडाची सुई एकदां चुंबक झाली कीं ती घरांत दिवा असो वा नसो चुंबकच राहते, तसेंच हें. नव्या संगणकांत तबकड्यांऐवजीं सॉलिड स्टेट ड्राईव्ह असतो. त्यांत फिरणारें कांहीं नसतें. विजेचा कण चहूंकडून बंद केलेल्या कप्प्यांत कोंडून ठेवतात, म्हणून तोही वीज गेल्यानें निसटत नाहीं.

मग मीं विद्यार्थ्याला विचारलें, "अरे, वही जर इतकी विश्वासू आहे, तर एकदम वहींतच कां लिहूं नये? ही पुसणारी पाटी हवीच कशाला?" त्यानें दिलेलें उत्तर मी विसरूं शकत नाहीं. तो म्हणाला, "गुरुजी, कारकुनाच्या घड्याळाचा एक ठोका म्हणजे आपला एक सेकंद, असें समजा. मुठींतला अंक त्याला एका सेकंदांत मिळतो. पाटीवरचा मागविला तर चार-पांच मिनिटें वाट पाहावी लागते. सॉलिड स्टेट ड्राईव्हमधून मागविला तर तीन-साडेतीन दिवस. आणि या फिरत्या तबकडीवरून मागविला, तर जवळजवळ एक वर्ष!" आतां सांगा, असा चपळ कारकून एकेका अंकासाठीं वर्ष-वर्ष वाट पाहत बसला तर कचेरीचा कारभार कसा चालावा? म्हणून जें आतां लागणार तें वहींतून एकदम पाटीवर उतरून घ्यावयाचें, काम पाटीवर करावयाचें, आणि जें राखावयाचें तें पुन्हां वहींत लिहावयाचें. पाटीही लांब वाटते म्हणून प्रोसेसरच्या पोटांतच आणखी एक छोटी पाटी ठेवलेली असते. तिला कॅश म्हणतात. या कचेरींत अंतराला मोठी किंमत आहे. कारकुनाच्या एका ठोक्यांत प्रकाशाचा किरणसुद्धां जेमतेम १० सेंटिमीटर जातो!

आतां हीं सर्व माणसें एकजुटीनें कशीं राबतात, तें एका अक्षराच्या प्रवासावरून पाहूं. मीं 'अ' ची कळ दाबली. कीबोर्डाच्या आंत तारांच्या उभ्या-आडव्या ओळींची जाळी असते. एक चिमुकला पहारेकरी तुकडा त्या ओळी सतत तपाशीत असतो. कोणती उभी कोणत्या आडवीला चिकटली, एवढेंच त्याला कळतें. 'अ' म्हणजे काय तें त्याला ठाऊक नाहीं. तो केवळ कळीच्या जागेचा क्रमांक आंत पाठवितो. मदरबोर्डच्या वाटेनें कारकुनाला सूचना पोंचते, जणूं खिडकीवर कोणी टकटक केली. हातचें काम कोठवर आलें याची खूण करून कारकून ती दखल घेतो. कचेरीची सर्व व्यवस्था पाहणारी एक आज्ञावली पाटीवर कायम हजर असते. तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. ती सांगते कीं, सध्यां मराठी लिपि चालूं आहे, तेव्हां या जागेची कळ म्हणजे 'अ'. जगांतील लिप्यांना ज्या युनिकोड पद्धतीनें क्रमांक दिलेले आहेत, तींत 'अ' चा क्रमांक २३०९ आहे. ती संख्या पाटीवर जाऊन बसते.

पण पडद्यावर क्रमांक दिसून भागत नाहीं. अक्षर दिसलें पाहिजे. 'अ' चें वळण कसें, तें वहींतील एका संग्रहांत लिहिलेलें असतें. तें आधींच पाटीवर आणलेलें असतें. त्यावरून कोणते ठिपके काळे आणि कोणते पांढरे तें कारकून व त्याचा चित्रकाम करणारा सोबती मोजून काढतात. माझ्यासमोरच्या पडद्यावर १,९२० उभ्या आणि १,०८० आडव्या ओळी होत्या, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके; आणि तो पडदा सेकंदाला ६० वेळां नव्यानें रंगविला जात होता. पुढच्या रंगवणींत 'अ' उमटला. कळीवरचें माझें बोट अजून पुरतें उचललेंही गेलें नव्हतें.

आणि हा 'अ' आतां कोठें आहे? पाटीवर, केवळ पाटीवर. पडद्यावर दिसतो म्हणून तो टिकला, ही माझी समजूत होती, आणि तीच माझी चूक होती. पडदा हा आरसा आहे. पाटीवर जें आहे तें तो दाखवितो. ज्या क्षणीं मी 'जतन करा' ही आज्ञा देतों, त्याच क्षणीं तो 'अ' २२४, १६४ आणि १३३ अशा तीन अंकांच्या रूपानें तबकडीकडे निघतो, त्याच्यासाठीं रिकामी जागा शोधली जाते, आणि ती जागा कोठें आहे याची नोंद वहीच्या अनुक्रमणिकेंतही होते. मगच तो राखला गेला असें म्हणावयाचें. आतां कांहीं नवे कार्यक्रम अधूनमधून आपण होऊन हें काम करतात. पण तें होतें आहे कीं नाहीं हें आपण पाहिलें पाहिजे.

माझी एक शंका उरली होती. वीज गेल्यावर पाटी कोरी, कारकुनाला तर मुळींच कांहीं आठवत नाहीं. मग सकाळीं या कचेरीला उठवितो कोण? विद्यार्थ्यानें मदरबोर्डवरचा एक बारीक तुकडा दाखविला. त्यांत वीज नसतांनाही न पुसल्या जाणाऱ्या थोड्या आज्ञा लिहिलेल्या असतात. कळ दाबतांच कारकून प्रथम त्या वाचतो: पाटी जाग्यावर आहे काय तें पाहा, कीबोर्ड आहे काय तें पाहा, मग कपाट उघडून व्यवस्थेची आज्ञावली पाटीवर उतरून घे. संगणक सुरू होतांना जो वेळ लागतो, तो या उतरून घेण्याचा. जवळच रुपयाएवढा एक ३ व्होल्टचा सेल होता. पेटी बंद असतांनाही तारीख आणि वेळ चालूं राहते ती त्याच्या बळावर.

एवढें कळल्यावर मीं आपल्याकडील पहिल्या प्रयत्नांविषयीं मुद्दाम वाचलें. मुंबईंत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९५० नंतरच्या दशकांत एक संगणक बांधण्यांत आला व तो १९६० सालीं कार्यान्वित झाला. त्याचें नांव टिफ्रॅक. त्यांत २,७०० निर्वात नळ्या होत्या. त्याच्या पाटीवर २,०४८ ओळी, आणि प्रत्येक ओळींत शून्य-एकाचीं ४० घरें. म्हणजे आजच्या मापानें केवळ १० किलोबाईट. ८ गिगाबाईटची आजची रॅमची पट्टी त्याच्या आठ लाख पटींहून मोठी आहे. आकार घटला, वेग वाढला, किंमत उतरली. परंतु कारकून, पाटी, दप्तर, शिपाई आणि दोन खिडक्या ही मांडणी तेव्हांही होती आणि आजही आहे. म्हणून मी म्हणतों कीं, जो ही मांडणी एकदां समजून घेईल त्याला कोणत्याही नव्या यंत्राचें भय बाळगण्याचें कारण उरणार नाहीं.

व्यवहाराच्या दृष्टीनें तीन गोष्टी सांगतों. पहिली: लिहीत असतां दर दहा मिनिटांनीं 'जतन करा' ही आज्ञा द्यावी, कंट्रोल आणि एस या दोन कळा एकदम दाबणें एवढेंच तें काम आहे. दुसरी: महत्त्वाच्या कागदाची एक प्रत निराळ्या ठिकाणीं, पेन ड्राईव्हवर किंवा दुसऱ्या संगणकावर ठेवावी; कारण वही पुसत नसली तरी ती आदळून मोडूं शकते. तिसरी: जेथें वीज वारंवार जाते तेथें बॅटरीचा यूपीएस लावावा. तो कांहीं मिनिटेंच वीज पुरवितो. पण पाटीवरचें वहींत उतरून घ्यावयास तीं मिनिटें पुरेशीं आहेत.

मीं यादी पुन्हां पहिल्या नांवापासून लिहावयास घेतली. या खेपेस मला दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशीं दुपारीं रजिस्टरांत त्या विद्यार्थ्याचेंच नांव आलें. शाळा सोडल्याच्या नोंदींत 'प्रगति' या सदराखालीं 'साधारण' असा शेरा होता, आणि अक्षर माझें होतें. तो वर्गांत उशिरा उत्तर देणारा मुलगा. मीं प्रश्न विचारला कीं पुढच्या बांकावरच्या चार मुलांचे हात वर जात, आणि मला तेच हुशार वाटत. त्याच्या उत्तराची वाट पाहण्याइतका वेळ मीं त्याला क्वचितच दिला असेल. त्या रविवारीं पेटी मिटतांना तो सहज म्हणाला होता, "तुम्हीं पाठ करून घेतलेले पावकी-निमकीचे पाढे अजून म्हणून दाखवूं कां, गुरुजी?" आणि त्यानें ते म्हणूनही दाखविले, एकदांही न अडखळतां.

झटपट सांपडणारी स्मृति एक असते आणि टिकणारी स्मृति दुसरी असते. कचेरीला दोन्ही लागतात. संगणकाच्या कारागिरांनीं हें ओळखून दोघींना आपापल्या जागीं बसविलें. वर्गांत माझ्या हातून तें नेहमींच झालें असें मला म्हणवत नाहीं. रजिस्टरांतील तो शेरा आतां बदलतां येण्यासारखा नाहीं. परंतु आपल्यांपैकीं जे आज शिकवीत असतील, त्यांनीं उशिरा हात वर करणाऱ्या मुलासाठीं क्षणभर थांबावें, एवढी माझी विनंति आहे.

त्याचें नांव मीं नीट तपासून लिहिलें, आणि पुढच्या नांवाकडे वळण्यापूर्वीं जतनाची आज्ञा दिली.